सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट : तार बसवण्याआधी वाचावे

दाटीने किंवा वाकडे आलेले दात रांगेत आणण्यासाठी तार बसवण्याचे ठरले की, धरमपेठेतील आमच्या दवाखान्यात बहुतेक पालक सर्वप्रथम ‘बिनरबराच्या’, म्हणजे सेल्फ-लायगेटिंग, ब्रॅकेटविषयी विचारतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

दात सरकवते ती तार; ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला खाचेचा छोटा तुकडा, तिला दाताशी धरून ठेवते. निकेल-टायटॅनियमची तार वाकवली तरी मूळ आकारात परतू पाहते आणि तिचा हलका, पण सततचा जोर मुळापर्यंत पोहोचतो. मुळाच्या ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड विरघळते, ज्या बाजूला ओढ बसते तिथे नवे हाड तयार होते, आणि अशी वाट काढत दात पुढे जातो. जोर वाढवून हे काम लवकर उरकत नाही. उलट मुळाला इजा होऊ शकते.

नेहमीच्या ब्रॅकेटमध्ये खाचेतील तार बारीक रबरी कड्याने बांधतात. हे रबर तारेला घासते, काही आठवड्यांत सैल पडते आणि हळदीने पिवळे होते. सावजी रश्श्यानंतर पांढऱ्या रबराचे काय होते, हे नागपूरकरांना सांगायला नको. सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेटला रबराऐवजी स्वतःचीच सरकती झडप किंवा स्प्रिंगची क्लिप असते. पॅसिव्ह प्रकारात झडप खाच नुसती झाकते, त्यामुळे सुरुवातीची बारीक तार मोकळेपणाने सरकते. ॲक्टिव्ह प्रकारात क्लिप जाड तारेला दाबून धरते, म्हणून दाताचा कल सुधारताना पकड चांगली मिळते. ही कल्पना नवी नाही, असे ब्रॅकेट १९३५ मध्येही होते.

यांमुळे उपचार बराच आधी संपतो, असे जाहिरातींत म्हटले जाते. तुलनात्मक अभ्यासांत मात्र एकूण कालावधीत ठळक फरक दिसलेला नाही. तार बदलताना खुर्चीवरची काही मिनिटे वाचतात, खर्च मात्र जास्त येतो. दात काढावे लागतील की नाही, हे जबड्यातील जागेवर ठरते, ब्रॅकेटवर नव्हे.

झडपेभोवती कीटण साचल्यास ती अडकते, म्हणून प्रत्येक जेवणानंतर ब्रश करावा. ऊस, चिक्की, फुटाणे आणि मटणाची नळी दातांनी फोडू नये. झडप घरी पिनेने उघडू नये. ब्रॅकेट सुटल्यास ते जपून ठेवावे आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता सोबत घेऊन यावे.