ड्रम का अडतो, शू का ओढला जातो

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर पोकळ ड्रम फिरतो आणि आतले दोन कमानदार शू फाकून त्याच्या भिंतीवर घासतात. गाडी पुढे जात असताना यातल्या एका शूला फिरता ड्रमच ओढून घेतो आणि तो पाचरीसारखा आणखी घट्ट बसतो. पायाच्या थोड्या जोरात भरपूर ब्रेक लागतो तो त्यामुळे. पण हा गुण चुकाही मोठ्या करतो. एकाच चाकाच्या लायनरला, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराला, ग्रीस लागलं, तरी ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचते.

मागच्या ब्रेकचं काम करायचं तर हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग जॅकने उचलून गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम नको.

खरी झटापट ड्रम काढताना होते. तो अजिबात हलत नसेल, तर हबच्या, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागाच्या, कडेला गंज धरलेला असतो. गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा, मग बोल्टांच्या मधल्या भागावर हातोडीने ठोका. अनेक ड्रमना आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले की ड्रम सुटतो. मात्र तो गरगर फिरतोय, थोडा बाहेर येतोय आणि मग अडकतोय, तर कारण वेगळं. शूंनी घासून आत खळगा पाडलेला असतो आणि उरलेली कड त्यांना अडवते. इथे ठोकाठोक केली तर शू अडकवणाऱ्या पिना वाकतात. बॅकप्लेटमागचं (शू ज्यावर बसवलेले असतात त्या पत्र्यामागचं) रबरी बूच काढा, एका बारीक स्क्रू ड्रायव्हरने ॲडजस्टरची (शूंमधलं अंतर कमी-जास्त करणाऱ्या दांडीची) पट्टी दातांवरून उचलून धरा आणि दुसऱ्याने दातेरी चक्र मागे फिरवा. काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं. तिथे मधला मोठा नट काढावा लागतो, आणि तो बहुधा नवाच घालायचा असतो.

आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावून ब्रेक क्लीनरने ती ओली करून पुसा.

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंग कुठे अडकते हे दुसऱ्या बाजूला बघता येतं. ड्रम बाहेर असताना पेडल दाबू नका, नाहीतर शू फाकवणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील. सिलिंडरचं रबर जरा उचलून पाहा: किंचित ओल चालते, पण ब्रेक ऑइल ओघळलं तर सिलिंडर बदला. ऑइल प्यालेलं लायनर धुऊन सुधारत नाही. मग दोन्ही चाकांचे शू नवे घाला. लायनरची किमान जाडी गाडीच्या पुस्तिकेत असते, बऱ्याच गाड्यांत 1 ते 1.5 मिमी. ड्रमचा कमाल आतला व्यास त्याच्यावरच कोरलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम खराद करून उपयोग नाही.

बसवताना बॅकप्लेटवर शू टेकतात त्या उंचवट्यांना उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या. तिथे कोरडं घासलं की शू अडखळतो आणि ब्रेक कुरकुरतो. डावा-उजवा ॲडजस्टर बदलू नका. आटे उलटे असतात, त्यामुळे लायनर झिजत गेल्यावर तो शू फाकवण्याऐवजी आत ओढतो आणि पेडल खाली जात राहतं. पुढचा आणि मागचा शूही आपापल्या जागीच हवा, कारण लायनरची लांबी किंवा प्रकार वेगळा असू शकतो.

ड्रम हाताने सरकून बसेल आणि फिरवताना हलकी घासघास ऐकू येईल एवढाच ॲडजस्टर फाकवा. मग पेडल काही वेळा दाबा, शू मध्यावर येतात. हँडब्रेकची केबल सर्वांत शेवटी. ती आधीच ताणली तर शू पूर्ण मागे बसत नाहीत आणि आपोआप जुळणी करणारी यंत्रणा काम करत नाही. नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (पिळाच्या जोरावर) आवळून मोकळ्या जागी हळू वेगात ब्रेक तपासा. थोडं चालवून दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहा. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर त्या बाजूचा शू चिकटून राहतोय.