जकातदारांच्या पंगतीमागचा इतिहास

‘जकातदार आणि पापी’ ही जोडी बायबलमधल्या शुभवर्तमानांत इतक्यांदा येते की, वाचता वाचता तो एकच शब्द वाटू लागतो. येशू त्यांच्या पंगतीला बसला, यातून आपण दयेचा धडा घेतो. तेव्हाच्या लोकांना मात्र तो प्रसंग झोंबला, आणि त्याचे कारण जकातीच्या हिशेबात आहे.

रोममध्ये करवसुलीचा मक्ता देण्याची जुनी चाल होती. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरायची, वसुलीत वर जे निघेल ते त्याचे. पहिल्या शतकापर्यंत जमिनीचा कर आणि डोईपट्टी यांची वसुली बरीचशी या पद्धतीतून निघाली होती, पण रस्त्यावरून जाणाऱ्या मालाची जकात मक्त्यानेच चाले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हा त्याने एवढेच सांगितले की, नेमून दिले आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका. नाका सोडा, असे तो म्हणाला नाही. पण जास्त घेणे हीच रीत होती, हे त्यातून कळते.

लुबाडणुकीच्या जोडीला परक्या सत्तेची चीडही होती. इ.स. 6 मध्ये यहूदीया हा यहुदी लोकांचा प्रांत रोमच्या थेट अमलाखाली गेला आणि करासाठी शिरगणती झाली. गालीलकर यहूदाने बंड पुकारले: देवाशिवाय दुसरा धनी मानायचा नाही, मग कर कसला? बंड मोडले, पण त्याची आठवण राहिली.

येशूने बोलावताच नाका सोडून त्याच्यामागे गेलेला जकातदार म्हणजे लेवी. त्याला सगळे सरसकट ‘रोमचा नोकर’ म्हणतात, ते तितकेसे बरोबर नाही. त्याचा नाका कफर्णहूमला, म्हणजे गालीलात होता, आणि तिथे इ.स. 39 पर्यंत हेरोद अंतिपाचे राज्य होते. यार्देनेपलीकडे त्याच्या भावाची, फिलिप्पाची हद्द लागे. हद्द आली की नाका आलाच. येशूचा शिष्य पेत्र याचे घरही कफर्णहूमलाच होते. लेवी पंगतीत आला तेव्हा शेजारी बसलेल्यांपैकी कोणी त्याच नाक्यावर पैसे मोजले असतील, असे मानायला हरकत नाही.

इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथामध्ये या तिरस्काराचे नियमच झालेले दिसतात. जकातदाराच्या पेटीतून दानधर्माचे पैसे घेऊ नयेत. तो घरात शिरला तर घर विटाळले. ग्रंथ नंतरचा आहे, पण भावना जुनी असणार.

यरीहोचा जक्कय तर जकातदारांचा मुखिया. गाव व्यापारी वाटेवरचे, भोवती सुगंधी बलसमाच्या बागा, त्यामुळे तो श्रीमंत होता यात नवल नाही. उंबराच्या झाडावर चढलेला बुटका माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याने मांडलेला हिशेब मात्र राहत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत. लबाडीने घेतलेले स्वतः कबूल केले, तर मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा पुरे होता. चौपट ही मेंढरू चोरून विकणाऱ्याची शिक्षा. म्हणजे त्याने स्वतःला चोराच्या रांगेत उभे केले. येशूने यातले काही मागितले नव्हते. तो फक्त त्याच्या घरी उतरला होता.

लूकच्या पंधराव्या अध्यायातले हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि उधळ्या मुलगा हे तिन्ही दाखले येशू जकातदारांच्या पंगतीला बसतो या कुरकुरीला दिलेले उत्तर आहेत. तसे वाचले की उधळ्या मुलापेक्षा, त्याच्या परतण्याची मेजवानी पाहून दाराबाहेर रुसून उभा राहिलेला थोरला भाऊ जास्त बोलू लागतो.

येशूच्या बारा शिष्यांत जकातदार मत्तय (बहुतेक जण त्यालाच लेवी मानतात) होता, तसाच ‘जिलोत’ म्हटलेला शिमोनही. जिलोत या कडव्या यहुदी बंडखोरांचा पक्ष ठळकपणे दिसतो तो रोमविरुद्धच्या इ.स. 66 च्या बंडात, त्यामुळे इथे त्या शब्दाचा अर्थ ‘आवेशी’ एवढाच असू शकेल. तरी जकात घेणाऱ्याशी त्याचे कसे जमले असेल, हा प्रश्न उरतोच. बारा जणांच्या याद्या आणखीही ठिकाणी आहेत, पण नावापुढे ‘जकातदार’ हा शब्द लावून ठेवला आहे तो फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात.