उन्हाळ्यात पोरांना घेऊन परदेशात शिकवायला जायचंय? अमेरिकेतल्या मराठी प्राध्यापकांसाठी अर्जाची भानगड

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की मला दोन-तीन तरी फोन येतात. कुणीतरी सर किंवा मॅडम, नुकतेच टेन्युअर-ट्रॅकवर (म्हणजे कायम होण्याच्या वाटेवरच्या प्राध्यापकीवर) लागलेले किंवा लागून दहा वर्षं झालेले, आणि प्रश्न ठरलेला, "अगं पुढच्या समरला पोरांना पुण्याला न्यायचं म्हणतोय, फॉर्म कुठे मिळेल?" मी इथल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टडी अब्रॉड ऑफिसात काम करते, प्राध्यापकांची बाजू सांभाळणं हेच माझं काम, म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकते. फॉर्म मिळतो हो, वेबसाइटवरच असतो. पण त्याच्या आधी मी उलटा प्रश्न विचारते, तुमचा पासपोर्ट कुठला आणि त्यावरचा व्हिसा कधी संपतोय. लोक हसतात. एप्रिलमध्ये कुणी हसत नाही.

आधी हे नेमकं काय ते. फॅकल्टी-लेड प्रोग्रॅम म्हणजे तुमचाच कोर्स, तुमचेच विद्यार्थी, फक्त वर्ग परदेशात. साधारण तीन ते सहा क्रेडिट, तीन ते सहा आठवडे, बहुतेक मे-जूनमध्ये. अमेरिकेतून शिकायला बाहेर जाणाऱ्यांत सेमिस्टरभर राहणारे कमी झालेत, साधारण दोन-तृतीयांश पोरं समरला किंवा आठ आठवड्यांच्या आत परत येणारी असतात. ओपन डोअर्सच्या (परदेशी शिक्षणाची दरवर्षीची पाहणी) आकडेवारीत २०१८-१९ मध्ये ३,४७,०९९ विद्यार्थी गेले होते, कोविडच्या २०२०-२१ मध्ये तो आकडा १४,५४९ वर आला, २०२२-२३ मध्ये परत २,८०,७१६. त्या एका वर्षाने ऑफिसं अशी धसकलीत की रिस्कचे फॉर्म तेव्हा वाढले ते वाढलेच, कमी काही झाले नाहीत.

अर्ज कोण करू शकतं? फुल-टाइम फॅकल्टी, म्हणजे टेन्युअर-ट्रॅक, टेन्युअर झालेले, आणि बऱ्याच ठिकाणी लेक्चररसुद्धा. अ‍ॅडजंक्ट, म्हणजे कंत्राटावर शिकवणारे, असाल तर डिपार्टमेंटकडून लेखी लागतं की पुढच्या वर्षीही तुमचं कॉन्ट्रॅक्ट राहणार आहे. पीएचडीवाल्यांना एकट्याने लीड करता येत नाही, असिस्टंट म्हणून जाता येतं. त्या देशाची माहिती, भाषा येते का, ग्रुप कधी सांभाळलाय का हे विचारतात. पुण्यात जन्मलो हे अनुभवाच्या रकान्यात लिहिता येतं, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण स्वतःच्या गावात एकट्याने फिरणं वेगळं आणि एकोणीस वर्षांची पंधरा पोरं घेऊन लक्ष्मी रोड ओलांडणं वेगळं.

वेळापत्रक नीट बघा, इथेच निम्मे लोक घसरतात. साधारण १२ ते १८ महिने आधी प्रपोजल द्यायचं. म्हणजे ऑगस्टमध्ये मला फोन केलात तर बहुतेक ठिकाणी पुढच्या समरची मुदत गेलेली असते, त्याच्या पुढच्या समरची तयारी करायची. प्रपोजलमध्ये सिलॅबस, दिवसवार कार्यक्रम, बजेट, तिथला पार्टनर कोण, आणि विभागप्रमुख आणि डीन दोघांच्या सह्या. डीनची सही ही सगळ्यात हळू चालणारी गोष्ट, सुट्ट्यांच्या आधी घ्या. पहिल्यांदाच जात असाल तर साइट व्हिजिटला, म्हणजे आधी एकदा जाऊन जागा बघून यायला, थोडे पैसे मिळतात का ते ऑफिसला विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतात, फक्त कुणी आपणहून सांगत नाही.

आता पैसे. तुमचं तिकीट, राहणं, आणि पुष्कळ ठिकाणी तुमचा समरचा पगारसुद्धा, हे सगळं पोरांच्या प्रोग्रॅम फीमधून निघतं. समजा तुमचा एकूण खर्च ९,००० डॉलर धरला आणि १५ पोरं आली, तर प्रत्येकाच्या फीत ६०० डॉलर तुमचे. पाच गळाली आणि १० उरली की तेच ९००, आणि ९०० ऐकून अजून दोन गळतात. म्हणून किमान संख्या ठरलेली असते आणि फेब्रुवारीच्या सुमारास मोजणी होते, कमी भरली तर प्रोग्रॅम रद्द. बजेट मोठ्या आकड्यावर कधीच मांडू नका. दहा पोरांवर मांडा, पंधरा आली तर तिथे एक चांगलं जेवण होईल. आणि दुसऱ्या प्राध्यापकाचा किंवा असिस्टंटचा खर्च वाचवायला जाऊ नका, प्लीज. एक पोरगी ताप येऊन हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाली की तिच्याजवळ कुणीतरी बसायला लागतं आणि बाकीच्या चौदा जणांची बस सकाळी सात वाजता सुटते. बजेटमध्ये ती दुसरी खोली महाग वाटते, रात्री दोन वाजता वाटत नाही.

बरं, पासपोर्ट. युनिव्हर्सिटीच्या गाइडमध्ये यावर दोन ओळी असतात, कारण ते गाइड अमेरिकन पासपोर्टवाल्यांसाठी लिहिलेलं असतं.

तुम्ही भारतीय पासपोर्टवर असाल, ग्रीन कार्ड असलं तरी, शेंगेन देशांत (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) जायला व्हिसा लागतोच. तुमच्या अमेरिकन पासपोर्टवाल्या पोरांना लागत नाही, म्हणजे ग्रुपमध्ये व्हिसाच्या रांगेत उभा राहणारा एकटा माणूस म्हणजे प्रोफेसर! अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी, पण अपॉइंटमेंटच मिळत नाही तो भाग वेगळाच, म्हणून सहा महिने पूर्ण झाल्या दिवशी लॉगिन करा. जास्त मुक्काम ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे. ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला आणि परतीनंतर तीन महिने तरी चालणारा, फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो. सोबत युनिव्हर्सिटीच्या लेटरहेडवर पत्र हवं की हे आमचे पगारी कर्मचारी आहेत, आमच्याच विद्यार्थ्यांना शिकवायला येतायत, तिथल्या कुणाकडून पगार घेणार नाहीत. हे पत्र आम्ही देतो, मागा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं हा हिशोब अमेरिकन पोरांनाही लागू आहे, त्यामुळे पूर्ण सेमिस्टरचा प्रोग्रॅम असेल तर त्या देशाचा वेगळा लाँग-स्टे व्हिसा, आणि तो खटाटोप मोठा आहे.

ब्रिटनचं थोडं सोपं आहे. तिथल्या व्हिजिटर नियमांत चक्क लिहिलंय की परदेशी संस्थेचा प्रोफेसर स्टडी अब्रॉडच्या विद्यार्थ्यांबरोबर येऊन त्यांना थोडंफार शिकवू शकतो, फक्त तिथली कायमची जागा भरायची नाही. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, अमेरिकन पासपोर्टला २०२५ च्या जानेवारीपासून ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) काढावं लागतं. मेक्सिकोला अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलं की भारतीयांना वेगळा व्हिसा नाही, पहिल्या प्रोग्रॅमला मी कित्येकांना हेच सुचवते.

एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांनी हे दोनदा वाचा. जाणं अवघड नाहीये, परत येणं अवघड आहे. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असेल तर परतायला नवा लागतो. मेक्सिको-कॅनडात ३० दिवसांच्या आत परतत असाल तर सवलत आहे, बाकी ठिकाणी नाही. पूर्वी लोक म्हणायचे रोममध्ये आहोतच तर तिथेच स्टॅम्पिंग उरकू. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने सांगितलंय की नॉन-इमिग्रंट व्हिसाचा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहण्याच्या देशातच करायचा. म्हणजे इटलीत पोरांना सोडून तुम्ही मुंबईच्या वकिलातीत! असा प्रोग्रॅम एक वर्ष पुढे ढकला, खरंच. ग्रीन कार्डचा अर्ज मध्येच अडकलेला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय प्रपोजलवर सहीच करू नका. एक चांगली गोष्टही आहे, बाहेर काढलेले पूर्ण दिवस एच-वन-बीच्या सहा वर्षांत परत जोडून मागता येतात, तेव्हा बोर्डिंग पास फेकू नका.

आता भारत, कारण शेवटी सगळ्यांना तिथेच जायचं असतं. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड) असेल तर तुम्हाला व्हिसा लागत नाही. पण २०२१ च्या मार्चमधल्या अधिसूचनेनुसार ओसीआयवाल्याला रिसर्चसाठी वेगळी परवानगी लागते, म्हणून कार्यक्रमात "गावात जाऊन सर्व्हे" असं काही असेल तर ते आधी एफआरआरओकडून (भारतातलं परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं ऑफिस) साफ करून घ्या. पोरांचं म्हणाल तर ई-टुरिस्ट व्हिसावर भाषा, नाच, स्वयंपाक असे छोटे कोर्स चालतात, पण औपचारिक, सर्टिफिकेट देणारा कोर्स चालत नाही. तुमचा कोर्स क्रेडिटचा आहे, तेव्हा कुठली कॅटेगरी ते कॉन्सुलेटला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. राहायचं हॉटेलात असेल तर परदेशी पाहुणा आल्याची सरकारी नोंद (जुन्या नियमांतला फॉर्म सी) हॉटेलवाला करतो, चोवीस तासांत. पण "चार पोरी आमच्या मावशीकडे राहतील, मोठा फ्लॅट आहे" असं ठरवत असाल तर ती नोंद मावशीला करावी लागते, आणि मावशीला ते आधी सांगा.

सुरक्षेचं प्रकरण ऑफिस बघतं असं वाटतं, पण कागद तुम्हीच भरता. स्टेट डिपार्टमेंटच्या (अमेरिकेचं परराष्ट्र खातं) ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायझरीच्या, म्हणजे कुठे जाणं किती धोक्याचं या सूचनेच्या, एक ते चार पातळ्या असतात, तीन किंवा चार असेल तर बहुतेक ठिकाणी कमिटीपुढे जावं लागतं. देशाची पातळी बघून थांबू नका, आतला मजकूर वाचा. भारताच्या अ‍ॅडव्हायझरीत जम्मू-काश्मीर चारवर आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण माओवादी भागाच्या वर्णनात पूर्व महाराष्ट्राचंही नाव येतं हे नाही. एका सरांनी पब्लिक हेल्थच्या पोरांना गडचिरोलीला न्यायचं ठरवलं होतं, कल्पना फार चांगली होती, कमिटीत दोन महिने अडकली कारण प्रपोजलमध्ये त्या परिच्छेदाचा उल्लेखच नव्हता. उल्लेख करून, गाडी कुठली, रात्री मुक्काम कुठे, जवळचं हॉस्पिटल किती लांब एवढं लिहिलं असतं तर निदान चर्चा तरी मुद्द्यावर झाली असती.

क्लेरी अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे, कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवायचा. त्याच्यासाठी हॉटेलचं नाव, पत्ता, तारखा, कुठल्या खोल्या हे सगळं द्यावं लागतं, आणि ग्रुप नेणारे प्राध्यापक बहुतेक वेळा त्यातले जबाबदार माणूस धरले जातात. म्हणजे विद्यार्थिनीने तुम्हाला काही सांगितलं तर "आपापसात मिटवू" हा पर्याय तुमच्याकडे नाही. त्याचं ट्रेनिंग साधारण तासाभराचं असतं, कंटाळवाणं आहे, करा.

आणि पावत्या. गेल्या वेळी एक सर माझ्या टेबलावर चितळ्यांची पिशवी उलटी करून बसले. आत बाकरवडी नव्हती, कागद होते. रिक्षाचे भाडे टिश्यू पेपरवर, "डेक्कन ते शनिवारवाडा ८०", आणि पंधरा जणांच्या थाळीच्या बिलाऐवजी फोनमध्ये एक स्क्रीनशॉट, मेव्हण्याच्या गूगल पेचा. आमच्या फायनान्सला मेव्हणा म्हणजे कोण हे समजावण्यात माझी एक दुपार गेली, पैसे तरी मिळाले नाहीतच. तुमचं भारतात एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं रुपयांतलं) खातं असेल तर अमेरिकन नंबरवरूनही यूपीआय चालू करता येतं, जायच्या आधी करा, आणि हॉटेलवाल्याकडून युनिव्हर्सिटीच्या नावाचं छापील बिल मागा. स्वतःच्या जेवणाला पर डिएम, म्हणजे रोजचा ठरलेला भत्ता, असतो, शहरागणिक वेगळा, स्टेट डिपार्टमेंट दर महिन्याला दर लावतं. त्याला पावती लागत नाही, पण ज्या दिवशी ग्रुपचं जेवण झालं त्या दिवसाचं तेवढं वजा होतं. आईकडे राहिलात तर राहण्याचे पैसे नाहीत. बायको-नवरा-मुलं यांचं तिकीट युनिव्हर्सिटीने दिलं तर ते सहसा तुमचं उत्पन्न धरून टॅक्स लागतो, त्यापेक्षा स्वतःचं स्वतः काढा.

आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) नियमात राहण्याची पावती कितीही रकमेची असो लागते, बाकी ७५ डॉलरपासून पुढे. युनिव्हर्सिट्या पुष्कळदा त्याहून कडक असतात. अ‍ॅडव्हान्स घेतला असेल तर हिशोब ६० दिवसांत, उरलेले पैसे १२० दिवसांत परत, नाहीतर तेही पगारात धरतात. जूनमध्ये परतलात तर ऑगस्ट लागायच्या आत फाइल माझ्याकडे द्या, पिशवीत नको, एका पीडीएफमध्ये, तारखेप्रमाणे लावून.