बॅटल किड एवढा अवघड का, त्यामागची गोष्ट

२०१० ला बॅटल किड: फोर्ट्रेस ऑफ पेरिल आला, तोही एनईएसच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या टीव्ही गेम मशीनच्या, खऱ्या कॅसेटवर. अमेरिकेत या मशीनचा शेवटचा अधिकृत गेम १९९४ चा, म्हणजे दुकान बंद होऊन जमाना झाला होता, आणि सिवाक या टोपणनावाच्या एका डेव्हलपरने हा गेम घरबसल्या बनवला. एक फटका बसला की खेळ खल्लास, आणि अशा खोल्या पाचशेच्या वर. लै अवघड, पण एकही मरण फुकटचं वाटत नाही.

सांगलीत नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना एनईएस हे नावच माहीत नव्हतं. आपल्यासाठी तो 'व्हिडिओ गेम', टर्मिनेटर नाहीतर लिटल मास्टर, कुणाच्या घरी असला तर अख्खी गल्ली तिथं, नाहीतर तासावर पैसे देऊन खेळायचं. हे सगळे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचे (एनईएसचं जपानी रूप) क्लोन, म्हणजे नकला, मूळ मशीन जपानात जुलै १९८३ ला आलेलं. आपले टीव्ही पाल सिस्टीमचे, म्हणून हे क्लोन सेकंदाला ६० ऐवजी ५० फ्रेम चालायचे आणि आपला मारिओ जपानातल्या मारिओपेक्षा साधारण सहाव्या हिश्शाने हळू पळायचा, गाणंसुद्धा संथ.

जुने गेम अवघड असायचे त्याचं एक मोठं कारण जागा. सुपर मारिओ ब्रदर्स पूर्ण ४० केबीत बसतो, मशीनची रॅम फक्त २ केबी. लेव्हल थोड्याच मावणार, मग त्या महिनाभर पुरवायच्या तर खेळणाऱ्याला दमवायलाच पाहिजे.

पुढं बँक बदलणाऱ्या (मेमरीचे तुकडे आलटून पालटून समोर आणणाऱ्या) चिप आल्या, कॅसेटमध्ये जागा वाढली, तरी प्रोसेसर तोच. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला वगैरे ज्यांनी ८०८५ या प्रोसेसरच्या किटवर हेक्स कोड (आकड्यांतला मशीन कोड) टाकलाय त्यांना पटकन कळेल, यातल्या ६५०२ जातीच्या चिपला त्याहून कमी रजिस्टर (हिशोबाचे आकडे ठेवायचे चिपमधले कप्पे), ए, एक्स, वाय एवढेच कामाचे, आणि गुणाकाराची इन्स्ट्रक्शनच नाही. त्यावर नुसती उडी बसवायची म्हटली तरी डोकं लावावं लागतं: उंचीसाठी एक बाइट पिक्सेलचा आणि दुसरा पिक्सेलच्या तुकड्याचा, प्रत्येक फ्रेमला वेगात थोडं गुरुत्वाकर्षण मिळवायचं, बेरजेचा कॅरी, म्हणजे हातचा, पुढच्या बाइटात ढकलायचा. हा आकडा जरा चुकला की कडेवर उतरणारा प्लेअर काट्यावर पडतो. शिवाय एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (हलणाऱ्या चित्रांचे तुकडे) दिसतात, नववा गायब, म्हणून शत्रू कुठं उभे करायचे हेही मोजून ठरतं.

बॅटल किडची प्रेरणा २००७ चा पीसीवरचा आय वॉना बी द गाय हा गेम. तिथं सापळे दगाबाज, सफरचंदसुद्धा वरून येऊन मारतं. सिवाकने तो छळ घेतला पण नियम सरळ ठेवले, खोली एका स्क्रीनची, स्क्रोलिंग नाही, आत पाऊल टाकलं की समोरचं सगळं दिसतं. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात चांगला निर्णय. २०१९ ला एनईएससाठीच नव्याने बनवलेला मायक्रो मेजेस हा गेम आला, चार जण एकत्र खेळतील असा आणि तोही ४० केबीतच.

एनईएसची कॅसेट ७२ पिनची, आपल्या जुन्या क्लोनचा स्लॉट ६० पिनचा, त्यामुळं माळ्यावरच्या सेटमध्ये ती थेट बसणार नाही. मायक्रो मेजेसची रॉम फाइल (कॅसेटमधला गेम फाइलच्या रूपात) विकत मिळते, इम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालते. फक्त सेटिंग एनटीएससी (जपान-अमेरिकेची टीव्ही सिस्टीम), ६० फ्रेम ठेवा.