पस्तीपासून ‘टाकाऊतून टिकाऊ’पर्यंत : बडोद्यातल्या कागदकामाची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या मराठी घरांत जुन्या वर्तमानपत्रांना ‘रद्दी’ म्हणणारे आता थोडेच उरलेत. गुजराती शेजाराने ‘पस्ती’ हा शब्द दिला आणि तो आमच्या बोलण्यात असा मुरला की पुण्याहून आलेल्या पाहुण्याला त्याचा अर्थ सांगावा लागतो. पस्ती वजनावर विकली जाते, तिचा भाव ठरतो, भाव पडला तर गठ्ठा आणखी महिनाभर माळ्यावर थांबतो. म्हणजे ती टाकायची वस्तू कधीच नव्हती. घरगुती कागदकामाचा इतिहास सांगताना हे आधी सांगायला हवं, कारण पस्तीला ‘टाकाऊ’ धरून पुढचा सगळा घोळ याच ठिकाणी झाला.

फार मागे जायची गरज नाही. अहमदाबादचा हातकागद नावाजलेला होता, आणि देशी हातकागद बनायचाच मुळी चिंध्या, जुने दोर, गोणपाट यांच्या लगद्यातून. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर वापरून झालेला कागद घरात साचू लागला. आपल्या विषयाची सुरुवात तिथे होते.

संस्थानी काळात १८९० मध्ये इथे कलाभवन ही कला आणि तंत्र शिकवणारी संस्था सुरू झाली आणि हाताच्या कामाला शिक्षणात मान मिळाला. १८९३ मध्ये संस्थानाच्या अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. कागदाच्या घड्या आणि पट्ट्यांची वीण ही शिक्षणाची साधनं म्हणून मात्र जर्मनीतून आली, १८३७ मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या बालशाळेच्या पद्धतीतून. अमरेलीचा प्रयोग सुरू झाला त्याच १८९३ साली मद्रासेत कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक निघालं.

पण बायकांच्या हातातलं कागदकाम शाळेची वाट बघत बसलं नव्हतं. माझी आजी पस्तीचे तुकडे तीन-चार दिवस पाण्यात भिजवायची, पिळून उखळात कुटायची आणि भिजवलेली मेथी वाटून त्यात मिसळायची. मेथीने लगदा चिकट होतो आणि कीडही लागत नाही. पातेलं पालथं घालून त्यावर ओला फडका पसरायचा आणि लगदा बोटांनी थापत जायचा. काठाशी जाड, मध्ये पातळ. उन्हात चांगला खडखडीत वाळला की टोपली निघायची. वर्तमानपत्राचा कागद त्यासाठी उत्तम, कारण त्याचे तंतू आखूड असतात आणि पाण्यात लवकर सुटतात. मासिकाचा गुळगुळीत कागद आजी बाजूला काढायची. त्यावर पांढऱ्या मातीचा थर असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो नीट भिजत नाही हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. तशा टोपलीत आमच्याकडे वर्षाची मोहरी राहायची.

दुसरा मोठा साठा आकाशातून यायचा. उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर कापलेल्या पतंगांचा खच पडलेला असायचा. आम्ही मुलं ढड्ढे आणि कमानी, म्हणजे पतंगाच्या उभ्या आणि वाकवलेल्या काड्या, वेगळ्या काढायचो, न फाटलेला पतंगी कागद जुन्या वहीत दाबून ठेवायचो, आणि दहा महिन्यांनी दिवाळीला त्याचाच आकाशकंदील व्हायचा. चिकटवायला मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद. तेच दिवस संक्रांतीचे, त्यामुळे वर गच्चीवर पतंग आणि खाली माजघरात हलव्याचे दागिने चाललेले. त्यांना पुठ्ठा जुन्या लग्नपत्रिकांचा आणि चकाकी मिठाईच्या डब्यातल्या चंदेरी कागदाची. पत्रिकेचा जाड कागद तसाच दुमडला तर घडीवर फाटतो. म्हणून आत्या आधी विणकामाच्या सुईने तिथे रेघ दाबून घ्यायची.

साठच्या दशकात विद्यापीठाच्या ललितकला शाखेतल्या मेळ्यांनी या साध्या हस्तकलेला वेगळी प्रतिष्ठा दिली. नावाजलेले चित्रकार स्वतः बसून लाकडाच्या, मण्यांच्या, चामड्याच्या तुकड्यांची खेळणी करत आणि लोक ती विकत घेत. शहराच्या नजरेवर त्याचा परिणाम झाला असं मला वाटतं.

आता वादाच्या मुद्द्याकडे. गांधीजींच्या १९३७ च्या वर्धा योजनेने शिक्षण हस्तोद्योगाभोवती बांधलं. सूतकताई, सुतारकी, शेती यांतून मुलांनी तयार केलेल्या मालावर शाळेचा काही खर्च निघावा, ही त्यातली सर्वांत वादग्रस्त कल्पना. मूल शिकण्यासाठी काम करतं की विकण्यासाठी, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द आणला. १९७७ मध्ये एका समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं त्याचं नाव केलं. नावं बदलली तरी वस्तू उपयोगी हवी, तिचं काही मोल हवं, हा आग्रह तसाच राहिला. ‘टाकाऊतून टिकाऊ’ याच आग्रहाचं लाडकं रूप आहे असं मी मानते. गुजराती शाळांच्या फलकांवर ते ‘वेस्टमांथी बेस्ट’ होतं.

हा शब्दप्रयोग दोन्ही टोकांनी चुकतो. पस्ती टाकाऊ नाही, हे वर आलंच. आणि तिच्यातून होणारं जे सर्वांत सुंदर, ते टिकाऊ नसतं. कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत राहिला तरी पुष्कळ. कागदाची होडी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाते. हलव्याच्या दागिन्यांचं कौतुक एका संध्याकाळचं. मोहरीची टोपली टिकली, पण ती टिकवण्याच्या स्पर्धेत कुणी मांडली नव्हती.

टिकाऊपणाला गुण मिळायला लागले तसं साहित्य बदललं. खळीच्या जागी गरम गोंदाची बंदूक आली, पतंगी कागदाच्या जागी चमकी लावलेला फोमचा ताव आला. आइस्क्रीमच्या काड्यांची कोरी पाकिटं स्टेशनरीच्या दुकानात मिळू लागली. माझ्या भाचीला एका शाळेने ‘टाकाऊ’ म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणायला सांगितलं तेव्हा घरात एकही नव्हती. मग आदल्या रात्री भरलेल्या बाटल्या विकत आणल्या आणि पाणी कुंड्यांना घातलं. त्या रात्रीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. शिवाय खळीने चिकटवलेला कागद मोडल्यावर पुन्हा लगद्यात जाऊ शकतो. चमकी, फोम आणि गरम गोंद लागलेला कागद पस्तीवाला हातात धरत नाही. म्हणजे ज्या वस्तूला ‘पुनर्वापर’ म्हणून बक्षीस मिळतं, तिथेच त्या कागदाचा पुढचा प्रवास थांबतो.

त्याच काळात पोटासाठी होणारं कागदकाम मागे पडलं. वर्तमानपत्राच्या पिशव्या चिकटवून वाण्याला देणं हा कितीतरी घरांतल्या बायकांचा दुपारचा उद्योग होता. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं आणि आडवं फाडलं तर वाकडंतिकडं जातं, हे त्या बायकांना कात्रीशिवाय काम करताना पाठ झालेलं. प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांनी तो उद्योग मोडला. २०१६ मध्ये अन्नसुरक्षेच्या यंत्रणेने छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत असा इशारा दिला आणि २०१८ च्या नियमांत ते पक्कं झालं. शाईचा धोका खरा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली तेव्हा कागदी पिशवी परतली ती यंत्रावर बनलेली, तपकिरी, कोऱ्या कागदाची. दुपारच्या त्या बायकांकडे काम परत आलं नाही.

२०२० च्या शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या दिवसांत स्थानिक कारागिरांकडे जाऊन हाताचं काम शिकावं अशी कल्पना आहे. त्यात मेथीची टोपली सहज बसते. साहित्याचा खर्च म्हणाल तर मूठभर मेथी.

पतंगी कागद मिळणं मात्र अवघड होत चाललंय. नायलॉनच्या मांजावर २०१७ मध्ये देशभर बंदी आली, पण पतंगच प्लॅस्टिकचे येऊ लागलेत. गेल्या उत्तरायणानंतर आमच्या गच्चीवरून भाचीने सतरा पतंग गोळा केले. त्यातले नऊ प्लॅस्टिकचे निघाले, त्यांना खळ धरत नाही. उरलेल्या आठांचा कागद तिने वहीत दाबून ठेवलाय.