एकट्याने जावे की गटाने? कमी खर्चातील सहलीचा हिशेब

सोलापूरहून सहलीला निघणारे आमचे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न हाच विचारतात की, एकट्याने गेल्यास स्वस्त पडेल की गटाबरोबर. याचे उत्तर कोणता खर्च माणशी होतो आणि कोणता वाटून घेता येतो, यावर अवलंबून असते.

अक्कलकोट, तुळजापूर किंवा पंढरपूरला एकदोघांनाच जायचे असेल, तर आमची गाडी न ठरवता एसटीने जावे, असे आम्ही स्पष्ट सांगतो. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते, ७५ वर्षांपुढील व्यक्तींना प्रवास विनामूल्य असतो आणि दर्शन आटोपून संध्याकाळी घरी परतता येत असल्याने मुक्कामाचाही खर्च वाचतो. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असल्यामुळे गाणगापूर किंवा विजयपूरला जाताना सीमेपलीकडील भाडे पूर्ण द्यावे लागते.

बदामीचा हिशेब वेगळा आहे. गदग मार्गावरील रेल्वेने एकट्यालाही तेथे थोडक्या पैशांत पोहोचता येते. परंतु बदामीजवळची पट्टदकल आणि ऐहोळे ही प्राचीन मंदिरांची गावे एकाच दिवसात निवांत पाहायची, तर स्वतंत्र वाहन हाताशी असावे लागते आणि त्याचे भाडे, चालकाचा भत्ता व खोलीचे पैसे एकट्याच्या खिशावर पडतात. अशा ठिकाणी गटाचा खरा लाभ होतो.

तरीही गटाचा दर ऐकताना एक गोष्ट अवश्य विचारावी: ऐनवेळी काहीजण गळाले, तर काय? समजा, गाडीचा एकूण खर्च ९,००० रुपये आहे. बारा जणांत तो माणशी ७५० रुपये होतो, पण चौघे न आल्यास उरलेल्या आठ जणांवर १,१२५ रुपये येतात. सहलीच्या आदल्या रात्री असा वाढीव आकडा ऐकावा लागणे ग्राहकावर अन्यायाचे आहे, असे आम्ही मानतो. म्हणून आमच्या दरपत्रकात बारा, दहा आणि आठ प्रवाशांचे दर आधीच लिहिलेले असतात व पैसे भरण्यापूर्वी ते समजावून सांगितले जातात.

रेल्वेने जाणाऱ्या गटाने आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते हे लक्षात ठेवून नावे वेळेत कळवावीत, कारण एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात आणि उशीर झाल्यास गट वेगवेगळ्या डब्यांत विखुरतो.

एकट्याने येऊन आमच्या गटात सामील होणाऱ्यांना खोली अनोळखी व्यक्तीबरोबर वाटून घ्यायची की स्वतंत्र हवी, हे नोंदणीच्या वेळीच विचारले जाते; स्वतंत्र खोलीची जादा रक्कम पावतीवर वेगळी दाखवली जाते.