३१ मार्च म्हणजे नेमकं केव्हा?

दोन तक्ते आहेत. एकात २०२४च्या पहिल्या तीन महिन्यांची विक्री, दुसऱ्यात त्याच तीन महिन्यांचा खर्च. आकडे नीट, तारखा नीट, एकही जागा रिकामी नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत तक्ते हाताळायला पांडाज ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. तिच्यात एका ओळीचा कोड लिहायचा: विक्री वजा खर्च. उत्तरात तीन ओळी यायला हव्यात. येतात सहा, आणि सहाही ओळींत ‘नॅन’, म्हणजे ‘इथे आकडा नाही’.

कोड चुकलेला नाही आणि लायब्ररीही बिघडलेली नाही. विक्रीच्या तक्त्यात जानेवारीच्या ओळीवर १ जानेवारी ही तारीख होती, खर्चाच्या तक्त्यात ३१ जानेवारी. पुढच्या दोन महिन्यांचंही तसंच. आपल्याला दोन्हीकडे ‘जानेवारी’ दिसतो. यंत्राला दोन वेगळ्या तारखा दिसतात, आणि त्या एकमेकींतून वजा करायला ते तयार नसतं.

तक्त्यातल्या ओळींना लावलेल्या या लेबलांच्या रांगेला इंडेक्स म्हणतात. वेस मॅकिनी यांनी २००८ साली पांडाज लिहायला घेतलं तेव्हा ते एका गुंतवणूक कंपनीत काम करत होते. अशा कामात वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले आकडे सतत एकमेकांशी जुळवावे लागतात: एका बाजाराला सुट्टी असते, दुसरा चालू असतो, एखाद्या कंपनीची नोंद मधूनच सुरू होते. अशा वेळी पाचवी ओळ पाचव्या ओळीशी जुळवली की घात ठरलेला. म्हणून पांडाजमध्ये बेरीज-वजाबाकी करताना आधी लेबलं जुळवली जातात, मग आकडे. लेबल एकाच बाजूला सापडलं तर तिथे नॅन. स्प्रेडशीटमध्ये असा तपास कोणी करत नाही. तिथे वरचीच वजाबाकी निमूट झाली असती. या उदाहरणात ती बरोबर आली असती हे खरं, पण दोन तक्त्यांतला एखादा महिना गहाळ असता तर तितक्याच निमूटपणे चुकली असती.

इंडेक्सच्या खोड्याही आहेत. लेबलं एकमेवच असली पाहिजेत असं बंधन नाही. दोन्ही तक्त्यांत एकच लेबल दोन-दोनदा आलं आणि बाकी इंडेक्स हुबेहूब सारखे नसले, तर त्या लेबलाच्या चार ओळी तयार होतात आणि एकूण बेरीज फुगते. लेबलावरून शोधणारं ‘लोक’ (loc) आणि क्रमांकावरून शोधणारं ‘आयलोक’ (iloc) यांच्यातला फरक तर सगळ्यांनाच एकदा भोवतो: तक्त्यातून अमुक ओळीपासून तमुक ओळीपर्यंतचा तुकडा काढताना पहिल्यात शेवटचं टोक धरलं जातं, दुसऱ्यात सोडलं जातं.

पण सुरुवातीच्या गोंधळाचं मूळ इंडेक्सपेक्षा खोल आहे. ‘३१ जानेवारी’ असं लिहिल्यावर आपल्या मनात नेमकं काय असतं? एक क्षण, एक अख्खा दिवस, की जानेवारी संपताना मिळालेला संपूर्ण महिन्याचा आकडा? बोलताना संदर्भावरून कळतं. तक्त्यात संदर्भ नसतो.

पांडाजकडे यासाठी दोन वेगळे प्रकार आहेत. टाइमस्टॅम्प हा क्षण. तो आत पूर्णांक म्हणून साठवला जातो: मूळ रचनेत, १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून किती नॅनोसेकंद झाले. ६४ बिटांत मावणारे नॅनोसेकंद मागे-पुढे साधारण २९२ वर्षं पुरतात, त्यामुळे नॅनोसेकंदांची ही मोजपट्टी सप्टेंबर १६७७ ते एप्रिल २२६२ एवढीच आहे. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चंद्र पाहिले, ती तारीख तिच्यावर बसतच नाही. २०२३ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून सेकंदासारखी जाड एककंही वापरता येतात आणि ही अडचण सुटते.

पिरियड हा कालखंड. त्याचाही आत पूर्णांकच असतो, पण मोजणी त्याच्या स्वतःच्या एककात होते. महिन्यांच्या मोजणीत जानेवारी १९७० हा शून्यावा, म्हणून जानेवारी २०२४ हा ६४८वा. त्यात १ तारीख नाही आणि ३१ तारीखही नाही, आहे तो महिना. दोन्ही तक्त्यांच्या इंडेक्सवर ‘टू पिरियड’ ही आज्ञा चालवून एकक महिना दिलं, की १ जानेवारी आणि ३१ जानेवारी दोन्ही ६४८ होतात आणि वजाबाकीच्या तीन ओळी मुकाट्याने येतात.

क्षण आणि कालखंड यांची गल्लत सर्वांत जास्त महागात पडते ती गाळणी लावताना, म्हणजे अटीत बसणाऱ्या नोंदी तेवढ्या निवडताना. समजा, दर तासाला घेतलेल्या तापमानाच्या नोंदी आहेत. मार्चचे ३१ दिवस, म्हणजे ७४४ नोंदी. कोणी अट लिहितं: तारीख १ मार्च किंवा त्यानंतरची, आणि ३१ मार्च किंवा त्याआधीची. वाचायला अगदी बिनचूक. हाती लागतात ७२१ नोंदी. कारण तुलनेत ‘३१ मार्च’ हा क्षण धरला जातो, आणि तो क्षण म्हणजे त्या दिवसाची सुरुवात, मध्यरात्री शून्य वाजता. त्या क्षणाची एक नोंद राहते, उरलेल्या २३ गळतात. ना चूक दाखवली जाते, ना इशारा मिळतो. सरासरीवर फरक इतका थोडा पडतो की डोळ्याला खटकतही नाही. पण तक्ता पैशांचा असेल आणि सगळे व्यवहार शेवटच्या दिवशी आटोपण्याची पद्धत असेल, तर हीच चूक मोठी होते. डेटाबेसच्या भाषेत ‘बिट्वीन’ (अमुक ते तमुक यांच्या दरम्यान) लिहिणारेही याच खड्ड्यात पडतात.

गंमत अशी, की तेच दोन दिवस ‘लोक’च्या चौकटी कंसात तुकडा म्हणून दिले तर ७४४ नोंदी मिळतात. तिथे पांडाज ‘३१ मार्च’ या मजकुराकडे पाहून ठरवतं की यात तास-मिनिटं नाहीत, तेव्हा अख्खा दिवस अभिप्रेत असणार. एकाच लायब्ररीत एकाच मजकुराचे दोन अर्थ! सोयीचं आहे, पण मला ते फारसं रुचत नाही. काही जण यावर उपाय म्हणून शेवटची वेळ २३:५९:५९ अशी लिहितात. मग शेवटच्या सेकंदाच्या आतल्या नोंदी निसटतात. त्यापेक्षा ‘१ एप्रिलच्या आधी’ असं लिहिणं सरळ. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. मग घड्याळ कितीही बारीक असो, फट राहत नाही.

महिन्यांच्या बेरजेतही क्षण दगा देतात. ३१ जानेवारी २०२४मध्ये एक महिना मिळवला की २९ फेब्रुवारी, त्यात आणखी एक मिळवला की २९ मार्च. ३१ जानेवारीत थेट दोन महिने मिळवले तर मात्र ३१ मार्च. पिरियडमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही: ६४८ अधिक १ म्हणजे ६४९. शिवाय महिन्याचा पिरियड आणि दिवसाचा पिरियड यांत आधीचा कोणता अशी तुलना करू गेलात तर पांडाज चूक दाखवून थांबतं. ही कटकट वाटते, पण क्षण असते तर उत्तर आलंच असतं आणि ते तपासायचं कोणाला सुचलं नसतं.

आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होत नसेल तर पिरियड आणखी उपयोगी पडतो. वर्ष मार्चमध्ये संपतं एवढं तिमाहीच्या एककात सांगितलं, की २०२४ची पहिली तिमाही म्हणजे एप्रिल ते जून २०२३ हे त्याला ठाऊक असतं. वर्षाला नाव संपण्याच्या सालावरून मिळतं, हे मात्र आपल्याला लक्षात ठेवावं लागतं.

कालखंडांचा इंडेक्स असला की आणखी एक गोष्ट हाताशी येते: जे नाही ते दिसू लागतं. मासिक तक्त्यात मार्चची ओळच नसेल आणि मागच्या महिन्याशी तुलना करायला ‘शिफ्ट’ वापरलं, तर एप्रिलची तुलना गुपचूप फेब्रुवारीशी होते, कारण ते फक्त एक ओळ वर पाहतं. फिरत्या सरासरीत, म्हणजे दर ओळीला मागच्या काही नोंदींची सरासरी काढताना, ‘७’ लिहिलं तर सात ओळी, ‘७ दिवस’ लिहिलं तर सात दिवस. नोंदी खंडित असल्या की दोन्ही उत्तरं वेगळी. म्हणून आधी पहिल्या ते शेवटच्या महिन्याची सलग यादी बनवून तक्ता तिच्यावर बसवावा. मग मार्चच्या जागी नॅन उभा राहतो. तक्ता ‘रिसॅम्पल’ करून, म्हणजे नोंदी दिवस, आठवडा, महिना अशा गटांत बांधून, ही यादी आपोआप मिळते, पण तिथे बेरीज मागितली तर रिकाम्या महिन्यात शून्य भरलं जातं आणि सरासरी मागितली तर नॅन. विक्री झाली नाही आणि विक्रीची नोंद आली नाही या दोन निराळ्या बातम्या आहेत. किमान एक नोंद असली तरच बेरीज दे, अशी अट घालता येते, ती घालावी.

रिसॅम्पलमध्ये लेबलांचा आणखी एक घोळ आहे. दिवसाच्या गटाला नाव मिळतं सुरुवातीवरून, आठवड्याच्या गटाला शेवटावरून: ७ जानेवारी २०२४ या रविवारच्या ओळीत १ ते ७ जानेवारीचा हिशेब असतो. महिन्यासाठी पूर्वी ‘एम’ हे एकच अक्षर दोन अर्थांनी चालायचं, महिना हा कालखंड आणि महिन्याची अखेर. २०२४च्या जानेवारीत आलेल्या २.२ आवृत्तीने हे वेगळं करायला घेतलं: अखेरीसाठी ‘एमई’, कालखंडासाठी ‘एम’. तेव्हा जुन्या कोडमधून इशाऱ्यांचा पाऊस पडला आणि बऱ्याच जणांनी बोटं मोडली. मला तो बदल उशिरा सुचलेलं शहाणपण वाटला.

पिरियडला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे कालविभाग (टाइम झोन). लंडनमध्ये ३१ मार्च २०२४ रोजी रात्री एक वाजता घड्याळं एक तास पुढे गेली. त्या दिवसाचे तास २३ आणि महिन्याचे ७४३. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरचे तास २५ होते आणि पहाटेचा दीड दोनदा वाजला. टाइमस्टॅम्पला कालविभाग जोडलेला असेल तर तो हे सगळं जाणतो. त्याचा पिरियड केला, की इशारा देऊन कालविभाग टाकून दिला जातो. तेव्हा आधी स्थानिक वेळेत आणायचं आणि मगच कालखंड करायचा. उलट्या क्रमाने केलं तर मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदी भलत्याच दिवसात, कधी भलत्याच महिन्यात जाऊन पडतात.

पोलर्स या नव्या लायब्ररीने इंडेक्स मुद्दामच ठेवलेला नाही. लेबलं हवीत तर तीही एक साधा रकाना, आणि जुळणी हवी तर ती स्पष्ट सांगून करायची. इंडेक्सच्या आपोआप वागण्याने पोळलेल्यांना हे आवडतं, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण तिथे पिरियडही नाही. महिना हवा असेल तर तारखा महिन्याच्या पहिल्या दिवसावर आणून ठेवायच्या, आणि १ जानेवारीला पुन्हा जानेवारीची भूमिका करावी लागते. अशा तक्त्यात मी आरंभ आणि शेवट असे दोन रकाने ठेवतो, आणि शेवटाच्या रकान्यात पुढच्या कालखंडाचा आरंभ लिहितो.